मार्चमध्ये तुडुंब, मेमध्ये रिकामा

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. दूध-भाजीचा नव्हे हो! नागपूरच्या एका रक्तपेढीत उभा असतो मी. कारखान्यातून आलो तेव्हा मला हार घातला, नारळ फोडला. जो तो दार उघडून म्हणायचा, "वा, काय गारवा धरतो!" आता दाराचं रबर सैल झालंय आणि ते बदलायची कुणाला आठवण होत नाही. होईना का. माझ्या पोटात कायम चार अंश असतात, तिथे रुसवे-फुगवे फार टिकत नाहीत.

आमच्याकडे प्रीती नावाची मुलगी काम करते. ती ऑपरेशन्स रिसर्च शिकून आली. नाव भारदस्त, पण काम घरातल्यासारखंच. किती साठवायचं, कधी मागवायचं, आधी कोणतं वापरायचं, हे अंदाजाने नव्हे तर हिशेबाने ठरवायचं. कळमन्याच्या बाजारात कुठली गाडी आधी रिकामी करावी, ॲम्ब्युलन्स कोणत्या चौकात उभी ठेवावी, तेही याच शास्त्राने ठरवता येतं म्हणे. मला एवढंच कळलं की माझ्यातलं रक्त सव्वा-दीड महिन्यात शिळं होतं आणि एकदा दिलेल्या माणसाचं तीन महिने पुन्हा घेता येत नाही.

शहराजवळच्या बेसा भागातल्या एका मंडळाचा वर्धापनदिन मार्चच्या शेवटी येतो. अध्यक्ष चंपतराव मोठे हौशी. त्या दिवशी मांडव, बँड आणि रक्तदानाचा विक्रम! प्रीतीने त्यांना आधीच विनवलं होतं, "दादाजी, सगळ्यांले एकाच दिवशी नका ना आणू. थोडे आता, थोडे एप्रिलमध्ये, थोडे मेमध्ये पाठवा."

"म्हणजे आमच्या कार्यक्रमाचा पचका करतेस का वं?" चंपतराव तडकले. "पोट्टे बोर्डावर आकडा लिहून राहिले तिकडे!"

झालं. त्या दिवशी माझ्यात हवा फिरायलाही जागा उरली नाही. चंपतरावांच्या रक्ताची, दुर्मीळ ओ निगेटिव्ह गटाची पिशवी सर्वांत वरच्या कप्प्यात होती. पेपरात फोटो आला. बाकीच्या रक्तपेढ्याही तेव्हा भरलेल्याच होत्या, त्यामुळे जास्तीच्या पिशव्या कुणी घेतल्या नाहीत. मेच्या सुरुवातीला त्यांची मुदत संपली आणि त्या बाद झाल्या. प्रीती त्या काढून न्यायची तेव्हा माझ्याकडे बघायची नाही. मला काही वाटलं का? नाही. तेव्हा तरी नाही.

मेमध्ये ऊन असं तापलं की रक्त द्यायला कुणी फिरकेना. अशाच एका दुपारी चंपतराव धापा टाकत आले. त्यांची सून काजल बाळंत झाली होती. मुलगी सुखरूप होती, पण काजलचा रक्तस्राव थांबत नव्हता. तिचाही गट ओ निगेटिव्ह. प्रीतीने माझं दार उघडलं. तो कप्पा रिकामा होता.

"अवं, मग माझं काढ ना! तिचा नि माझा गट एकच आहे." त्यांनी बाही वर सारली.

"नाही काढता येत, दादाजी. तुम्ही मार्चमध्येच दिलं."

"मग ते कुठी आहे?"

"बाद झालं. मागच्या आठवड्यात."

बाही वर सारलेलीच राहिली. प्रीतीने फोनमागून फोन केले. शेवटी वर्ध्याहून एक पिशवी निघाली. ती संध्याकाळी पोचली आणि प्रीतीने ती माझ्यात ठेवली. काजल तोवर गेली होती.

त्यानंतर मंडळाने आकड्याचा बोर्ड कधी लावला नाही. चंपतरावांनी दात्यांना महिने वाटून दिले. यंदा मार्चमध्ये ते स्वतः विचारायला आले, "आज लागते का वं?"

"आज नको, दादाजी. मेमध्ये या."

ते मेमध्ये आले, भर उन्हात, आणि खाटेवर आडवे झाले. सुई टोचून घेताना म्हणाले, "मागच्या साली असंच मेमध्ये दिलं असतं तं?"

प्रीतीने पट्टी नीट केली.

मित्रांनो, मोठे झालात की रक्त जरूर द्या. पण घरातून निघण्याआधी रक्तपेढीला एक फोन करा आणि विचारा, "आज येऊ, की पुढच्या महिन्यात?" पुढच्या महिन्यात या म्हणाले, तर रागावू नका. तेव्हा कुणीतरी माझं दार उघडणार असतं.