दोन पेन्सिल सेल

तपासणी समिती येणार म्हटलं की आमच्या रुग्णालयाला एकदम अक्कल सुचते. सहा महिने गळणारा नळ एका सकाळीत बंद होतो, भिंतींना रंग लागतो, आणि लोक मला 'मॅडम' म्हणायला लागतात. एरवी मी भूलवाल्या बाई. एकोणतीस वर्षं बाळंतिणींना भूल देतेय. पण बाळ रडलं की नातेवाईक हात जोडतात ते ऑपरेशन करणारीला. मला विचारतात, "बाई, बाहेर जायचा रस्ता कुठून?"

या वेळची समिती 'सुरक्षित माता' प्रमाणपत्र द्यायला येणार होती. आमचे अधीक्षक, म्हणजे मोठे साहेब, महिनाभर भाषण पाठ करत होते. बाकी सगळं त्यांचा उजवा हात बघत होता, फायलीराव. त्याला खरं नाव असेलच काहीतरी, पण काखेत फाईल नसलेला हा माणूस त्याच्या बायकोनं तरी पाहिलाय की नाही, देव जाणे.

फायलीरावाचा सगळा जीव लाल गाडीत. लाल गाडी म्हणजे पेशंट अचानक बिघडला तर लागणारं सामान ठेवलेली, खणांची, चाकांवरची गाडी. छापील यादीप्रमाणे तिच्यात एक्केचाळीस वस्तू हव्यात. त्यातल्या दोन म्हणजे स्कोप. स्कोप म्हणजे घशात घालून दिवा लावायचा आणि श्वासनलिका कुठाय ते बघायचं, असं माझं हत्यार. आमच्याकडे बाळंतपणाच्या थिएटरला होतेच दोन. एकाचा दिवा गेलेला, त्याचा अर्ज अकरा महिने टेबलाटेबलांवर हिंडतोय. दुसरा चालू, माझ्या हाताशी असायचा. फायलीरावानं दोन्ही उचलून लाल गाडीत ठेवले.

"अहो, मग मी काय वापरू?"

"लागला तर गाडीतून घ्या की, मॅडम."

"गाडीला तर सील लावताय!"

"सील समितीला शाबूत दिसलं पाहिजे. फोडायचं झालं तर फॉर्म आहे. तीन सह्या लागतात."

"आणि तोवर पेशंटला काय सांगू, जरा दम धर?"

"तशी सूचना अजून आलेली नाही," फायलीराव म्हणाला. विनोद करण्यातला तो माणूसच नव्हे.

समितीच्या आदल्या दिवशी दुपारी गाडीला सील लागलं. फायलीराव अठरा पानांचं रजिस्टर घेऊन आला. मी चहा पीत होते. कुठं सही करू म्हटलं, त्यानं बोट ठेवलं, मी ठोकत गेले. एका हातात कप, दुसऱ्या हातात पेन. त्याच्याशी वाद घालून माझं डोकं आधीच उठलं होतं.

आता मावशींचं सांगते. मावशी आमच्या थिएटरात झाडलोट करतात, पंधरा वर्षं झाली. अक्षरओळख नाही, पण अमुक आकाराची नळी कुठल्या खणात, हे सिस्टरला आठवलं नाही तर मावशी सांगतात. त्यांची एकुलती एक लेक पहिलटकरीण. दिवस भरलेले, रक्तदाब चढलेला. जावई म्हणत होता, चांगल्या खाजगी दवाखान्यात नेऊ. मावशी अडून बसल्या. "माझं लेकरू इथंच बाळंत होणार. वेळ आलीच तर आमच्या बाई आहेत." चार लोकांत म्हणाल्या हे. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? एकोणतीस वर्षांत माझ्या नावावर कुणी पेशंट आणला, तो हा पहिला.

समिती आली त्या दिवशी सकाळी लेकीला कळा सुरू झाल्या. सगळं ठीक चाललं होतं. शेजारच्या सभागृहात कार्यक्रम सुरू झाला. साहेबांचे विचार सगळ्यांच्या कानी पडावेत म्हणून फायलीरावानं व्हरांड्यातही कर्णा लावला होता, बरोबर थिएटरच्या दारावर. फुलांचे गुच्छ दिले गेले, टाळ्या झाल्या, आणि साहेबांनी घसा खाकरला, तो आम्हाला थिएटरात ऐकू आला.

त्याच वेळी स्ट्रेचर आत आलं.

लेकीचं पोट दगडासारखं कडक झालं होतं आणि चादर रक्तानं भिजली होती. बाळ आत असतानाच वार गर्भाशयापासून सुटली होती. बाळाचे ठोके एकशेचाळीसवरून ऐंशीवर. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना आम्ही लवकरबाई म्हणतो, कारण त्या दुसरं काही बोलतच नाहीत. त्या हात धुता धुता ओरडल्या, "लवकर! लवकर!" आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं बरोबर होतं.

पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचं बधिर करायची सोय नव्हती. चढलेला रक्तदाब एवढं रक्त गेल्यानं आता तळाला गेलेला. पूर्ण भूल द्यायची म्हणजे पोरीचा श्वास बंद होणार आणि तो माझ्या हातात येणार. गरोदर बाईच्या पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरलं की खेळ खलास. म्हणून औषध गेल्यावर मिनिटाच्या आत घशातून नळी गेली पाहिजे. अंधारात नळी जात नाही.

"सिस्टर, गाडी आणा!"

सिस्टरनं गाडी ओढली, आणि तिच्यामागून फायलीराव आला. त्यानं सकाळपासून गाडीजवळ खुर्ची टाकली होती. "मॅडम, फॉर्म," तो म्हणाला. "आणि तिसरी सही साहेबांची आहे, साहेब स्टेजवर आहेत."

मी त्याला काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. कात्री घेतली आणि सील कापलं. स्कोप काढला, उघडला. दिवा लागला नाही. आपटला, पुन्हा उघडला. नाहीच. दुसरा तर मेलेलाच. पहिल्याच्या दांड्याचं झाकण फिरवलं. आत दोन पेन्सिल सेल असतात. एकही नव्हता. मेलेल्याचा दांडाही रिकामाच.

फायलीराव वाकून बघत होता. त्याचा चेहरा पडला, पण जीभ नाही पडली. "यादीत 'स्कोप, नग दोन' एवढंच आहे," तो म्हणाला. "सेल वेगळे लिहिलेले नाहीत."

एवढ्या गडबडीतही मला वाटलं, याला इथंच भूल द्यावी. त्याला दिवा लागत नाही.

सिस्टर स्टुलावर चढली आणि भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. एकच होता. दोन लागतात. तपासणी म्हणून सगळ्यांचे मोबाईल बाहेर जमा, म्हणजे त्यांचाही उजेड नाही. मी पोरीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क धरून उभी होते आणि ती माझ्याकडे बघत होती. मास्कमधून म्हणाली, "बाई, आई म्हणाली तुम्ही आहात."

ठोके सत्तर.

माझ्या हाताशी सगळी औषधं भरून तयार होती आणि एकही द्यायची हिंमत होत नव्हती. एवढी भीती मला माझ्या स्वतःच्या बाळंतपणात वाटली नव्हती.

दारात मावशी उभ्या होत्या. आत यायला त्यांना मनाई केली होती, आई म्हणून. त्यांनी उघडा दांडा पाहिला, माझं तोंड पाहिलं, आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला. "अगं माझ्या कर्मा! माइक!" आणि त्या पळाल्या. पन्नाशीची बाई, गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणारी, चपला टाकून पळाली.

वरच्या कर्ण्यातून साहेब बोलत होते. "बंधुभगिनींनो, माता ही आमच्या रुग्णालयाची केवळ रुग्ण नाही. तिच्या प्रत्येक श्वासाची आम्ही काळजी…"

मग धपकन काहीतरी पडलं. "अहो, कोण तुम्ही? अहो बाई!" असा साहेबांचा आवाज, आणि त्यावर मावशींचा, अख्ख्या रुग्णालयात घुमणारा: "सोडा! माझी लेक मरतीय!"

पुढे खरखर झाली आणि कर्णा गप्प झाला.

मी मोजत होते. अठ्ठावीस सेकंदांनी मावशी आल्या. हातात माइक नव्हता, नुसते दोन सेल, घामानं ओले. सिस्टरनं ते पुसून दांड्यात घातले. दिवा लागला. असा पांढरा, लख्ख. मी मोठ्यांदा "लागला गं!" म्हणाले, लहान पोरीसारखी.

औषध दिलं. पोटातलं वर येऊ नये म्हणून सिस्टरनं गळा बाहेरून दाबून धरला, मी स्कोप घातला, श्वासनलिका दिसली, नळी गेली. "घ्या," म्हटलं. लवकरबाईंनी दीड मिनिटात बाळ बाहेर काढलं. मुलगी. निळी, ढिली, गप्प. बाळाच्या डॉक्टरनं तिला चोळलं, मास्कनं श्वास दिला, पुन्हा चोळलं. मग ती रडली. आधी बारीक, मग सगळ्यांवर चिडल्यासारखी. आईला चार पिशव्या रक्त लागलं. संध्याकाळी तिनं डोळे उघडले आणि पहिलं पाणी मागितलं.

समितीला आमच्या सभ्य लोकांनी सांगितलं की ध्वनियंत्रणेत तांत्रिक बिघाड झाला. समितीला पटलं. त्यांनी लाल गाडी बघितली. तोवर फायलीरावानं दुसरं सील लावलं होतं, तेवढ्यात! शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळाले. दोन गुण कापले ते बाळंतपणाच्या थिएटरातलं भिंतीवरचं घड्याळ बंद होतं म्हणून.

तिसऱ्या दिवशी मला पत्र आलं. विनापरवानगी सील का फोडलं, आणि गाडीतले सेल कुणी काढले त्याचं नाव कळवावं. दोषी कर्मचाऱ्याला कामावरून कमी करण्यात येईल.

पत्र वाचत होते तेव्हा मावशी समोर येऊन उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. "बाई, मीच काढले होते," त्या म्हणाल्या. "समितीच्या आदल्या दिवशी सकाळी माइक बंद पडला. फायलीराव ओरडायला लागले, कुठूनही दोन सेल आणा. मला वाटलं, ही गाडी तर नुसती दाखवायची. कुणी उघडत तर नाही. नंतर परत ठेवीन म्हटलं, तर दुपारी सील लागलं." मग तोंडाला पदर लावला. "माझ्याच हातानं, बाई. माझ्याच लेकीचा दिवा मी काढला."

मला त्यांचा राग येईना. मला फायलीरावाचा येत होता, साहेबांचा येत होता, यादी छापणाऱ्याचा येत होता. सगळ्यांची सालटी काढू म्हणून मी रजिस्टर मागवलं. सकाळी सेल काढले आणि दुपारी सील लागलं. म्हणजे मध्ये कुणीतरी स्कोप तपासायला हवा होता. कोण तो दिवटा, ते मला बघायचं होतं.

अकरावं पान. 'स्कोप, नग दोन. दोन्ही चालू. दिवा पाहिला.' पुढे तीन सह्या. पहिली फायलीरावाची, दुसरी मोठ्या साहेबांची. तिसरी माझी. सहीच्या शेपटावर चहाचा थेंब वाळलेला.

एका स्कोपचा दिवा अकरा महिने मेलेला आहे हे मला माहीत होतं. तो अर्ज मीच केला होता. तरी खाली लिहिलेलं, दोन्ही चालू, दिवा पाहिला, आणि त्यावर माझी सही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. लहानपणी शाळेत ही म्हण वाक्यात वापरताना मी शेजारच्या काकांचं उदाहरण द्यायची. त्यांना उगाच बदनाम केलं.

एकोणतीस वर्षांत 'बाई आहेत ना' म्हणून एक आई लेकीला माझ्या भरवशावर घेऊन आली होती, आणि बाईंनी स्कोप एकदा उघडून बघायचे कष्ट घेतले नव्हते. पोरगी मेली असती तर मी मावशींना तोंड कसं दाखवलं असतं? आणि दाखवलंच असतं. रजिस्टर स्वच्छ होतं ना.

पत्राला मी उत्तर लिहिलं. "सेल कुणी काढले हे विचारण्याऐवजी, दिवा न पाहता पाहिला असं कुणी लिहिलं, ते विचारावं. तीन जणांनी लिहिलं. तिसरी मी. कामावरून कमी करायचं तर तिघांना करावं, सुरुवात माझ्यापासून केली तरी चालेल. रजिस्टरचं पान सोबत जोडलं आहे."

त्यावर काहीच आलं नाही. मावशींचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. पंधरा दिवसांनी नवं रजिस्टर तेवढं आलं. त्यात आता चौथ्या सहीचा रकाना आहे. प्रमाणपत्र काचेत घालून दारावर लावलंय, जिथं कर्णा होता तिथंच.

मावशींची नात आता दोन महिन्यांची झाली. मावशी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येतात. झाडू हातात घ्यायच्या आधी स्कोप उचलतात, उघडतात, आणि दिव्याचा उजेड स्वतःच्या तळहातावर पाडून बघतात. त्यांना कुणी सांगितलेलं नाही आणि त्यांची सही कुठल्याच रकान्यात लागत नाही. मग मला सांगतात, "लागला, बाई."

मी बरं म्हणते, त्यांच्या हातातून स्कोप घेते आणि पुन्हा एकदा लावून बघते.