डोंगर की समुद्र

मारोतराव बोलत नसत, हे रुख्मिणीनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी मान्य करून टाकलं होतं. ते भांडत नसत, पीत नसत, हात उगारत नसत. फक्त बोलत नसत. "पानी दे", "लाईन आली काय", "गाय बांधली काय", एवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा. शेलूबाजारच्या अलीकडच्या त्या खेड्यात बायका हापशीवर नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगत, तेव्हा रुख्मिणी म्हणायची, "आमच्या इथं तं भिंतीसंग संसार हाय बापा." सगळ्या हसत, तीही हसायची. पण मनातून तिला ते बरंच वाटे. जो माणूस कोणाशीच बोलत नाही, तो दुसऱ्या कोणाचा होण्याची भीती नसते.

मग मुलाचं, गोलूचं, लग्न झालं आणि संस्कृती घरात आली.

संस्कृती कारंज्याची, बी.ए. झालेली. कामाला चांगली होती, उलट बोलत नव्हती. गोलू शेलूबाजारला एका कृषी केंद्रावर कामाला होता. सकाळी गेला की दिवेलागणीलाच यायचा. दुपारचं आवरून झालं की पोरीला करमायचं नाही, मग ती मोबाईल घेऊन बसायची. कॉलेजच्या मैत्रिणींचा एक ग्रुप होता. त्यात रोज कोणीतरी प्रश्नांची यादी टाकायची. चहा की कॉफी, डोंगर की समुद्र, कोणता वास आवडतो, पुढच्या जन्मी कोण व्हाल. सगळ्या उत्तरं देत, एकमेकींना चिडवत, आणि आपण अशा आहोत हे आपल्यालाच माहीत नव्हतं म्हणून नवल करत.

एकदा चार वाजता चहा घेता घेता तिनं सासूलाच विचारलं, "आई, तुम्हाला काय आवडतं? डोंगर की समुद्र?"

"मले काय आवडते वं? घरच्याईले आवडते ते मले आवडते," रुख्मिणी कप गोळा करत म्हणाली. "भांडे पडले हायेत घासाचे."

ती आत गेली. सासरे समोरच बाजेवर बसले होते. आपण फक्त सासूलाच विचारलं असं दिसू नये म्हणून संस्कृतीनं त्यांच्याकडे तोंड वळवलं. "आणि बाबा, तुम्हाला?"

रुख्मिणी आत हसू दाबून उभी राहिली. आता भिंत काय बोलते ते ऐकू.

मारोतरावांनी कप खाली ठेवला. जरा वेळ विचार केला.

"समुद्र पाह्यला नाही," ते म्हणाले. "डोंगर तं रोजचाच हाय. मंग समुद्र."

"कोणता प्राणी व्हायला आवडेल?"

"बगळा."

"बगळा? तो कशाला?"

"वखर चालते तवा मांगमांग चालते तो. बैल काम करते, मानूस काम करते, आन हा निवांत किडे येचून खाते. कोनी त्याले हाकलत बी नाही. कपडे पाह्य त्याचे, चिखलात राहून पांढरेच्या पांढरे."

संस्कृती खळखळून हसली. आणि मग मारोतरावही हसले. आवाज करून हसले. रुख्मिणीच्या हातातली घासणी तशीच राहिली. त्यांना बगळा आवडतो हे तिला माहीत नव्हतं. त्यांना बगळ्याबद्दल एवढं बोलता येतं, हेही माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून ते रोजचंच झालं. चार वाजले की मारोतराव वावरातून घरी येत. पूर्वी येत नसत, चहा डब्यात घालून पाठवावा लागे. आता हातपाय धुऊन बाजेवर बसत आणि म्हणत, "हं, काय म्हनते आज तुया मोबाईल?" मग त्यांना नव्या वहीचा वास आवडतो हे घराला कळलं. त्यांना पहाटेपेक्षा दुपार आवडते, शाळेत असताना त्यांना पोस्टमन व्हायचं होतं, त्यांची माय त्यांना 'मारू' म्हणायची आणि तशी हाक पुन्हा कोणी मारली नाही, हेही कळलं.

रुख्मिणी दाराच्या आड उभी राहून हे सगळं ऐकायची. बाहेर जायची नाही. एकेक उत्तर ऐकताना आपल्या घरातली भांडी कोणीतरी बाहेर नेऊन मांडत आहे, असं तिला वाटायचं. हे सगळं या माणसाच्या पोटात होतं, तर माझ्यासमोर एकदाही बाहेर का आलं नाही? घरात येऊन दोन महिने झालेली पोरगी, तिनं मोबाईलवर बोट फिरवलं आणि हे मोकळे झाले.

पण खरा घाव बसला तो खाण्याच्या प्रश्नावर.

"आवडीची भाजी कोणती, बाबा? मला माहीत आहे, गोळ्याची कढी. आई दर सोमवारी करतात."

रुख्मिणीनं दाराआड मान उंच केली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिनं या घरात पहिल्यांदा चूल पेटवली होती, ती गोळ्याच्या कढीसाठी. मारोतरावांनी तीनदा मागून घेतली होती. ती गोष्ट तिनं आजवर सगळ्यांना सांगितली होती.

"कढी नाही," मारोतराव म्हणाले. "बरी लागते. पन आवडीची म्हनशीन तं सोल्याची भाजी. वल्ल्या तुरीच्या सोल्याची, लसून टाकून."

"मग कढी तीनदा कशी घेतली होती?"

"तवा सकाळपासून उपाशी होतो ना पोरी. पूजा, देवदर्शन, सारं गाव फिरवलं होतं लोकाईनं. काहीबी घेतलं असतं."

दोघंही हसले. रुख्मिणी चुलीजवळ जाऊन बसली. आयुष्यभर दर सोमवारी तिनं कढी केली होती. ताप असताना केली होती. गोलू पोटात असताना, वासानं मळमळत असताना केली होती.

दुसऱ्या दिवशी संस्कृतीनं शेजारच्या वावरातून तुरीच्या हिरव्या शेंगा आणल्या आणि सोल्याची भाजी केली. मारोतराव बोटं चाटून म्हणाले, "वा." तेवढा एक शब्द. रुख्मिणीला जेवण गेलं नाही. "मले अपचन झालं," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात एक दिवस गव्हाला पाणी द्यायचं राहिलं. मोटरची लाईन, म्हणजे वीज, दुपारी यायची ती आलीच नाही, रात्री उशिरा आली. त्यात कोणाचा दोष नव्हता. मारोतराव सकाळीच उरलेलं पाणी द्यायला वावरात गेले. गोलू कामावर निघताना चहा पीत होता. संस्कृती आंघोळीला गेली होती. रुख्मिणी त्याच्यासमोर बसली आणि तिच्या तोंडून निघून गेलं.

"गव्हाले पानी नाही गेलं काल. तुया बाप मोटर चालू कराले जाऊन राह्यला होता, तं तुया बायकोनं सवाल इचारत बसवून ठेवलं. दिवसभर तो मोबाईल. म्हाताऱ्याले बी नादी लावलं."

"काहून सांगतलं नाही मले?"

"मी कोन सांगनारी? सून शिकेल हाय."

गोलू मनानं वाईट नव्हता, पण तापट होता. संस्कृती केस पुसत बाहेर आली तसा तो तिच्यावर ओरडला. घर म्हणजे कॉलेज नाही, माझ्या बापाला काम आहे, मोबाईल दिसला तर फोडून टाकीन. संस्कृती एका शब्दानं उलट बोलली नाही. फक्त एकदा सासूकडे पाहिलं. रुख्मिणी परातीतलं पीठ मळत होती. तिनं वर पाहिलं नाही.

त्या दिवशी चार वाजता मारोतराव आले, बाजेवर बसले. संस्कृतीनं चहा आणून ठेवला आणि ती वळली.

"काहून वं, आज सवाल नाही काय?"

"नाही बाबा. काम आहे."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मारोतरावांनी विचारलंही नाही. चहा घेतला आणि वावरात गेले. नंतर तर डब्यातच मागवू लागले. घर पूर्वीसारखं झालं.

रुख्मिणीला वाटलं होतं, आता तरी ते शब्द आपल्याकडे वळतील. तसं काही झालं नाही. एका दुपारी चहाचा डबा घेऊन ती स्वतः वावरात गेली. मारोतराव बांधावर बसले होते. तीही बसली. चाचपडत तिनं विचारलं, "तुमाले डोंगर आवडते का समुद्र?"

मारोतरावांनी तिच्याकडे नवलानं पाहिलं. "सांगतलं ना तवाच. दाराआडून आयकून तं राह्यली होती तू."

रुख्मिणीचं तोंड लाल झालं. "तुमाले दिसत होती मी?"

"लुगडं दिसत होतं. बसाले काहून नाही आली मंग?"

"मले कोनं बलावलं?"

"घरच्या मानसाले बलावा लागते काय?"

"मले कोनी काही इचारलं बी नाही."

"पोरीनं सगळ्यात आंदी तुलेच इचारलं होतं. तू म्हने, घरच्याईले आवडते ते." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मी त्या दिवशी इचार केला, हिले काय आवडत असन. मले बी नाही सापडलं."

ते रागानं म्हणाले नव्हते, म्हणून ते जास्त लागलं. रिकामा डबा घेऊन ती बांधाबांधानं घरी आली. वाटेत आठवून पाहिलं. तिलाही सापडलं नाही.

बाजाराच्या दिवशी ती शेलूबाजारला एकटीच गेली. आज आपल्या आवडीचं काहीतरी घ्यायचं, असं ठरवूनच गेली. हात मात्र सवयीनं चालले. गोलूसाठी शेव, मारोतरावांसाठी तंबाखूची पुडी. कासाराच्या दुकानात त्यानं विचारलं, "कोनता रंग दाखवू?" ती बांगड्यांकडे बघत उभी राहिली. हिरव्या तिनं रीत म्हणून घातल्या होत्या, लाल नणंदेला आवडत म्हणून. "राहू दे," म्हणाली आणि बाहेर पडली. तिला रडू येत होतं आणि एवढ्याशा गोष्टीचं रडू येतं याचा रागही येत होता. सगळं त्या पोरीमुळे. ती आली नसती, तर काही हरवलंय हे कळलंच नसतं.

परतीच्या जीपमध्ये मागं गुरांच्या ढेपेची पोती भरली होती.

"काकू, समोर या," ड्रायव्हर मोहनसिंग म्हणाला. "मांग जागा नाही."

रुख्मिणी समोर कधी बसली नव्हती. समोर पुरुष बसत. ती पिशवी मांडीवर घेऊन बसली. जीप गावाबाहेर पडली, रुंद रस्त्याला लागली, आणि काचेतून सगळा रस्ता तिच्या अंगावर धावून आला. वाऱ्यानं पदर उडाला. दोन्हीकडचा हरभरा, बाभळी, मैलाचे दगड भराभर मागं पडत होते. तिनं पिशवी घट्ट धरली. तिला वाटलं भीती आहे. मग कळलं की भीती नाही.

"मोहनसिंग, हे याच्यापेक्षा जोरात चालते काय?"

"चालते ना. पन तुमी भ्यान."

"मी नाही भेत. चालव."

मोहनसिंगनं हसत गाडी दामटली. रुख्मिणी फाट्यावर उतरली तेव्हा तिचे केस विस्कटले होते आणि ती हसत होती. हे कोणाला तरी आत्ताच्या आत्ता सांगावं असं तिला वाटलं. वाटेनं चालताना तिनं एकेक माणूस मनात आणला. गोलू म्हणेल, जीपमधून पडशील. मारोतराव म्हणतील, हं. हे ज्याला सांगता येईल असं घरात एकच माणूस होतं.

संस्कृती अंगणात तूर पाखडत होती. रुख्मिणी पिशवी ठेवून तिच्याजवळ खाली बसली.

"गोलूले मीच सांगतलं होतं. मोटरचं. खोटं सांगतलं."

"माहीत आहे मला," सुपावरून नजर न उचलता संस्कृती म्हणाली.

"मंग बोलली काहून नाही?"

"काय बोलू? आईपेक्षा माझं खरं मानलं असतं का त्यांनी?" तिनं सूप जोरात झटकलं. "मी काय वाईट केलं होतं, आई?"

"काही नाही. ते तुयासंग हासत होते," रुख्मिणी म्हणाली. "मायासंग कधी हासले नाही."

संस्कृतीचे हात थांबले. "मला अजून राग आहे तुमचा."

"राहू दे. मी गोलूले सांगीन आज." मग, न राहवून, ती म्हणाली, "येक सांगू? मले जीपमंदी समोर बसनं आवडते. जोरात."

संस्कृतीनं तिच्याकडे पाहिलं. विस्कटलेले केस, खांद्यावरून घसरलेला पदर. तिला हसायचं नव्हतं, तरी हसू आलंच.

त्या संध्याकाळी रुख्मिणीनं गोलूला खरं सांगितलं. तो आईवर चिडला, बायकोपुढे खजील झाला, आणि दोन दिवस दोघींपैकी कोणाशीही धड बोलला नाही. संस्कृतीचा राग हळूहळू उतरला. मोबाईल मात्र तिनं लगेच काढला नाही. रुख्मिणीनंच एक दिवस चहा ठेवताना म्हटलं, "इचार वं आता. आन आंदी मले इचार."

मारोतराव पुन्हा चारला घरी येऊ लागले. रुख्मिणी आता बाजेवर बसू लागली, त्यांच्या शेजारी. उत्तरं ती वेळ लावून द्यायची, कधी दुसऱ्या दिवशी बदलायची. तिला कढी स्वतःलाही फारशी आवडत नव्हती, हे तिला याच बाजेवर कळलं.

एके दिवशी संस्कृतीनं वाचलं, "कोणासोबत बसलं की वेळ कसा गेला ते कळत नाही?"

"हे काय इचारनं झालं," मारोतराव पटकन म्हणाले. "तुयासंग."

तीच कळ पुन्हा रुख्मिणीच्या छातीत उठली, अगदी दाराआडच्या दिवसांतली. तिला वाटलं उठावं आणि भांडी घासायला जावं. ती उठली नाही.

"आन मायासंग?" तिनं विचारलं.

मारोतराव तिच्याकडे वळले.

"तुयासंग येळ गेला ते कळते," ते म्हणाले. "सारा कळते."

हे चांगलं म्हणाले की वाईट, ते रुख्मिणीला ठरवता येईना. रुख्मिणीनं कप उचलला, उरलेला चहा पिऊन टाकला.

"पुढचा इचार वं," ती म्हणाली.