नऊ लाख कार्डं आणि मी

मी फासा बोलतोय. बर्च लाकडाचा, वीस बाजूंचा. शून्य ते नऊ हे आकडे माझ्या अंगावर दोन-दोनदा कोरलेत. बर्गेन शहरातल्या एका कचेरीच्या सुताराने मला घडवलं, राग्नहिल्ड त्वाइट या कारकून बाईंच्या सांगण्यावरून.

कचेरीच्या तळघरात देशभरच्या लोकांच्या दातांची नऊ लाख कार्डं होती. मंत्र्यांना ठरवायचं होतं, की बेटांवर दातांच्या डॉक्टरांची बोट पाठवायची का? सगळी कार्डं वाचायची तर वर्षं गेली असती. म्हणून कचेरीचे प्रमुख एलर्त साहेब यांनी चारशे उचलली आणि लिहिलं, "देशाचे दात उत्तम आहेत."

"साहेब, तुम्ही कंबरेच्या उंचीचेच खण उघडलेत," राग्नहिल्ड म्हणाली. "तिथे सगळी शहरं आहेत. बेटं तळाशी आहेत."

"माझ्या पाठीचा विचार कोणी करायचा?"

मग मी आलो. पहिल्या दिवशी ती एकेक कार्ड घ्यायचं की सोडायचं हे ठरवायला मला टाकत बसली. संध्याकाळपर्यंत जेमतेम एक कपाट झालं आणि मला गरगरायला लागलं.

"या वेगाने बोट निघेपर्यंत बेटांवर दातच उरणार नाहीत," साहेब म्हणाले.

रात्रभर विचार करून ती सकाळी हसतच आली. कार्डांवर क्रमांक होतेच. मला सहा वेळा टाकायचं, सहा आकडे ओळीने लिहायचे, की झाला कार्डाचा क्रमांक. थेट त्याच खणाशी जायचं. कार्डं नऊ लाखच, म्हणून पहिलाच आकडा नऊ आला तर तेवढा सोडून द्यायचा. मधल्या हजारो कार्डांना हातही लावायचा नाही. दोन दिवसांत चारशे नावं निघाली.

त्यात एकाच बेटाची तीन निघाली. साहेबांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "याचे तिकडे कोणी नातेवाईक आहेत का? ही तीन बदलून टाका."

"आवडलं नाही म्हणून बदलायचं, तर तुमची पाठच बरी होती की, साहेब."

नंतर, कोणी न सांगता, गुडघे टेकून साहेबांनी तळाचे खण स्वतः उघडले. बेटांवरच्या कित्येक कार्डांवर डॉक्टरांची सहीच नव्हती; तिथे डॉक्टर कधी पोचलाच नव्हता.

मंत्र्यांनी विचारलं, "हा नमुना कोणी निवडला?"

"एका लाकडी फाशाने," साहेब म्हणाले.

"त्याला यातलं काय कळतं?"

"काहीच नाही. म्हणूनच त्याला घेतलं."

बोट निघाली. पहिल्याच फेरीत राग्नहिल्ड मला खिशात घालून गेली. त्या एकाच बेटावरच्या तिघांपैकी एक, बोर्गहिल्ड नावाची कोळीण, गाल धरून खुर्चीतून उठली. तिने मला तळहातावर फिरवून पाहिलं.

"म्हणजे माझी दाढ या लाकडाने वाचवली?"

"दाढ तर गेली, मावशी. शेजारची वाचली."

"मग उशिरा आलात म्हणायचं," ती म्हणाली, आणि आम्हाला सुक्या माशांची जुडी दिली.

आता ते काम यंत्र करतं, डोळ्याचं पातं लवायच्या आत. मी राग्नहिल्डच्या खिडकीत असतो. कडा झिजल्यात, आणि हल्ली मी चार या आकड्याकडे जरा जास्तच झुकतो. वय झालं की आवडीनिवडी येतातच. तेव्हा बाबांनो, माझा मान ठेवा, पण माझ्यावर विश्वास ठेवू नका.