डोल्मा हलली तो दिवस

जांगखर झोंगमधली, कड्यावरच्या त्या जुन्या किल्ल्यातली डोल्मादेवी जागची हलणार नाही, यावर आप कादोचा, म्हणजे कादोबाबाचा, पुरता भरवसा होता. भरवसा नसता तर म्हाताऱ्यानं करायचं तरी काय? बेचाळीस वर्षं तो तिचा पुजारी. बायको गेली, मुलगी थिंपूला जाऊन फोनपुरती उरली, कचेरी खाली मोटाररस्त्याला गेली आणि पाठोपाठ भिक्षूही गेले. एवढ्या थोरल्या किल्ल्यात राहिले दोघंच. सकाळी तिच्यापुढे पाण्याच्या सात वाट्या भरायच्या, संध्याकाळी उपड्या करायच्या आणि मधल्या वेळात तिच्याशी बोलत बसायचं. मिरच्या महागल्या, गुडघा धरला, सगळं तिच्या कानावर घालायचा.

तिची गोष्ट तर पोराटोरांना पाठ होती. तिबेटातून एक व्यापारी तिला खेचरावर लादून निघाला होता. याच कड्यावर दम खायला थांबला, आणि ही हातभर मूर्ती अशी जड झाली की खेचर बसलं ते उठेचना. शंभर माणसं लावली, तरी ढिम्म. शेवटी तिच्याभोवतीच भिंती घालाव्या लागल्या आणि त्याचा झाला झोंग. कादो सांगायला बसला की शंभराची दोनशे माणसं व्हायची, ते सोडा.

भूकंपात मागची भिंत फाटली. पावसाचं पाणी वेदीपर्यंत यायला लागलं, तेव्हा खालच्या नव्या मंदिरातले गुरुजी, लोपोन, चार गडी घेऊन डोल्माला न्यायला वर आले. तिथं पूजेला एक तरुण भिक्षू नेमलाही होता. कादोचं काय, हा विषय कुणी काढला नाही, आणि विचारायला त्याची जीभ रेटली नाही.

गड्यांनी हात घातला. मूर्ती हलली नाही. दोर लावला, तरी नाही. छागे नावाचा दांडगा गडी, एरवी पोत्यावर पोतं उचलणारा, घामाघूम होऊन मागे सरला आणि त्यानं मुकाट्यानं दंडवत घातला. कादोला इतका आनंद झाला, की त्याची त्यालाच लाज वाटली.

लोपोननी त्याला बाजूला घेतलं.

"तुमच्यात जीव अडकलाय तिचा. तुम्हीच सांगा तिला."

"मी काय सांगू, लोपोन?"

"जरा वर बघा, आप कादो."

त्यानं वर बघितलं. छपराच्या फळ्यांमधून आभाळ दिसत होतं. डोल्माच्या खांद्यावर पाण्याचा हिरवट ओघळ उतरला होता. तो रोज पुसायचा, आणि रोज नवा यायचा.

कादो तिच्या कानाशी वाकला. बेचाळीस वर्षांत तो तिच्यासमोर कधी खोटं बोलला नव्हता.

"चल, आई," तो म्हणाला, "मी येतोच मागोमाग."

छागेनं एकट्यानं उचलली तिला, तान्ह्या पोरासारखी.

सगळे उतरून गेल्यावर कादो दरवाज्यात बसला. खोटं बोलताना मनात काय होतं, ते आता कुठे त्याचं त्याला कळलं. ती ओळखेल. पुलावर, नाहीतर खालच्या वळणावर मागे बघेल, हा दिसणार नाही, आणि ती तिथंच बसकण मारेल. मग छागे धापा टाकत वर येईल, चला, तुमच्यावाचून हलत नाही ती, म्हणेल. कादोनं बोचकं बांधलं. एक अंगरखा, लाकडी वाटी, जपमाळ. चहासुद्धा टाकला नाही, न जाणो, एकदम निघावं लागलं तर.

दुसऱ्या दिवशी दुपारी छागे खरंच आला. कादो बोचकं काखेत मारून उभा राहिला.

"कुठं अडली?" त्यानं विचारलं.

"कोण?"

"डोल्मा."

"छे हो, आप. सबंध वाटेत एकदाही खाली ठेवावी लागली नाही," छागे कौतुकानं म्हणाला. "इतकी हलकी, की मध्येच फडकं सारून बघितलं, आहे ना म्हणून. आमचा दोर राहिला इथं, तो न्यायला आलो."

बरं झालं, कादो म्हणाला. त्यानं दोर शोधून दिला, गुंडाळायला हात लावला. चहा घेतोस का, म्हणून दोनदा विचारलं. छागेला घाई होती.