जुनी नक्कल

कोण बोलतंय म्हणून इकडेतिकडे बघू नका. तोंडवलीत अनिशच्या टेबलाखाली काळा डबा घुरघुरतोय ना, त्यातला मी प्रोसेसर. नखाएवढा जीव, पण सगळ्या कॉम्प्युटरचा कारभार माझ्याच माथी!

आमच्या खापरपणज्याला एकच डोकं होतं. वेग वाढवता वाढवता ते तापायला लागलं, तेव्हा कारागिरांनी एकाच चकतीवर जास्त डोकी बसवली. मला चार आहेत, त्यांना कोर म्हणतात. दर वेळी मेमरीपर्यंत हेलपाटे कोण घालणार? म्हणून प्रत्येक कोर लागणाऱ्या माहितीची नक्कल हाताशी असलेल्या छोट्या साठ्यात, म्हणजे आपल्या कॅशमध्ये ठेवतो, चुलीपाशी मिठाची बरणी ठेवतात तशी. पण एकाने काही बदललं आणि बाकीचे जुनंच धरून बसले, तर सगळाच घोळ. म्हणून बदल करणाऱ्याने हाक द्यायची आणि बाकीच्यांनी जुनी नक्कल टाकून द्यायची, ही आमची शिस्त. शिळं कुणाला वाढायचं नाही.

आणि माझ्या नशिबी काय आलं बघा.

अनिशचा थोरला भाऊ सर्वेश जहाजावर नोकरीला होता. दर रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा आणि आई, काशीबाई, खाटेवरून बोलायची. अनिश ते कॉल साठवून ठेवायचा. मग एक दिवस सर्वेश जहाजावरच वारला. काशीबाईचं काळीज अधू, म्हणून अनिशने आणि त्याच्या बायकोने, समीक्षाने, तिच्यापासून हे लपवलं. क्रियाकर्म कुडाळला चुलत्यांकडे उरकलं.

तेव्हापासून दर रविवारी अनिश जुनाच कॉल लावतो. तुझा आवाज तिकडे पोचत नाही, असं आईला सांगतो. पडद्यावर सर्वेश हसतो, "आये, जेवलंस? चवथीक येतंय गो." अनिशला तिथे बसवत नाही, तो मागीलदारी जाऊन उभा राहतो. शिळं वाढायचं पाप मात्र माझ्या हातून.

पण एवढं लपवूनही सुतक मोडायचं धाडस दोघांना झालं नव्हतं. खाटेवरून देवघर समोर दिसतं. दहा दिवस तिथे दिवा लागला नाही. दिव्याला गळती लागलीय, असं समीक्षाने सांगितलं. काशीबाई "बरा" म्हणाली आणि भिंतीकडे वळली. वेडी पोरं! जन्मभर ज्या बाईने घरातली सुतकं पाळली, तिला का कळणार नाही?

गेल्या रविवारी अनिश बाहेर गेल्यावर ती पडद्याला हात लावून हळूच म्हणाली, "झिला, देवाकडे दिवो लागलो नाय, तेव्हाच माका कळला. अनिशाक सांगू नको हां. तेका वाटता, आवशीक सोसाचा नाय."

मी समजत होतो, या घरात जुनी नक्कल तिच्याजवळ आहे. छे! आईला काही ठाऊक नाही, ही जुनी नक्कल अनिशजवळच होती. तो मागीलदारी रडतो, ती भिंतीकडे तोंड करून रडते, आणि मध्ये मी मेलेल्याला हसवत बसतो.

अनिश, उद्या पुन्हा रविवार. मला तोंड नाही, तुला ऐकू जायचं नाही, ठाऊक आहे. तरी सांगतो, उद्या मला चालू करू नकोस. आईच्या खाटेवर जाऊन बस आणि तिला तुझ्यासमोर रडू दे रे.