कॉलरच्या आतला क्रूस

मी क्रूस बोलतोय. पितळेचा, नखाएवढा, काळ्या दोऱ्यातला. हळू बोलतोय, कारण कॉलरच्या आत आहे आणि मला भीती वाटते.

कारागिराने मला साच्यात ओतलं, घासून लखलखीत केलं. मुलीच्या बाप्तिस्म्याला तिच्या बापाने मला तिच्या गळ्यात घातलं. टाळ्या पडल्या. आणि प्रार्थनाघराच्या दारातच तो पुटपुटला, "आत घाल."

आमच्या मंडळीची रीतच ही. उपासना संपली की उंबऱ्याशी सगळ्यांचे हात गळ्याकडे जातात, जणू सगळ्यांना एकदम डास चावला. मुलीचा बापच आमचा प्रवचनकार. तो गरजतो, "सुवार्ता जगाच्या टोकापर्यंत न्या!" पण आधी खिडक्या लावून घेतो.

भीती खोटी नाही. शेजारणीसाठी प्रार्थना केली म्हणून आमच्यातल्या सुताराच्या घरावर दगड आले. त्याने बिऱ्हाड हलवलं, तेव्हा मंडळीतल्या मोठ्यांपैकी एकही फिरकला नाही. त्याची मला दगडांपेक्षा जास्त चीड येते.

मुलीने कॉलेज सोडलं. आता इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करते. काल तिने बापाला विचारलं, "कुणी देवाबद्दल विचारलं तर काय सांगू?"

"विषय बदलायचा. हवापाण्यावर बोलायचं."

वा रे प्रवचनकार!

आज शेजारच्या टेबलावरची मावशी एकच चादर पुन्हा पुन्हा घडी घालतेय. तिच्या लेकीचं वरच्या मजल्यावर ऑपरेशन चाललंय.

"पोरी, माझ्या तोंडून शब्दच फुटेना गं. तुझा आहे का कुणी देव, ऐकणारा?"

दाराशी मुकादम उभा. त्याने आधीच बजावलंय, "इथे देवधर्म काढाल तर घरी बसाल."

मुलीचं काळीज माझ्या पाठीवर धाडधाड आपटायला लागलं. मी मनात ओरडलो, बदल विषय! उकाड्यावर बोल! काय करणार, मीही त्याच घरात वाढलेला.

तिने इस्त्री उभी ठेवली. मला बाहेर काढलं.

"आहे मावशी. येशू. मी त्यालाच हाक मारते. तुझ्या लेकीसाठी मारू?"

"मार. पण मनातल्या मनात नको. मला ऐकू येऊ दे."

मुलीने डोळे मिटले. पहिला शब्द हळू निघाला, दुसरा मोठ्याने. सगळं धुलाईघर वळून बघायला लागलं. मुकादमाचे बूट टेबलापाशी येऊन थांबले.

"काय चाललंय इथे?"

"माझ्या लेकीचं चाललंय," मावशी म्हणाली. "थांबा जरा."

वरून अजून निरोप नाही. नोकरीचं काय होईल, ठाऊक नाही. मी सदऱ्यावर उघडा लटकतोय आणि भीतीने गार पडलोय. पण मोठ्यांनो, आज संध्याकाळी हिला घरात घेताना माझ्याकडे बोट दाखवू नका. मावशीच्या लेकीचं काय झालं, ते आधी विचारा.