पुढच्याचं पाऊल

लिंडेल टिस्डेलने उजव्या हातात चढवलेला पांढरा हातमोजा पुन्हा काढला आणि कोटाच्या खिशात कोंबला.

"सिस्टर बॅस्किन, आज ओळीच्या पुढे तुम्ही चाला."

चर्चच्या बाहेरच्या दालनात त्याच्यामागे चौदा अशर पांढऱ्या कपड्यांत एकामागे एक उभे होते. आत ऑर्गन सुरू झाला होता. अशर मंडळाचा वार्षिक दिवस. मेम्फिसमधल्या सात चर्चची पाहुणेमंडळी बाकांवर दाटीवाटीने बसली होती. लोकांना जागा दाखवणं, रडणाऱ्याला पंखा देणं, उशिरा येणाऱ्याला नुसत्या भुवईने दारात थांबवणं, हे लिंडेलचं काम वर्षभराचं. पण या दिवशी मधल्या वाटेने ओळ घेऊन वेदीपर्यंत जायचं, हा त्याचा मान होता. एकतीस वर्षांत त्याने तो एकदाही सोडला नव्हता. एका साली तर ताप अंगावर घेऊन चालला होता.

ऑर्थेला बॅस्किन त्याच्या लगेच मागे उभी होती. तिच्याशी तो आठ महिने एक शब्द बोलला नव्हता.

"आठ महिन्यांनी तोंड उघडलंत, ते हे सांगायला?" ती हळूच म्हणाली.

"काचेतून आत बघा. किती फोन वर झालेत ते. माझा चेहरा टिपायला नाहीत ते. माझा पाय टिपायला आहेत."

यात खोटं काही नव्हतं. ऑर्थेलाचा मुलगा ट्रेव्हियन याच चर्चमध्ये वाढला. तो रॅप करायला लागला तेव्हा आम्ही कुणी फारसं मनावर घेतलं नाही; आमच्याकडे दर तिसऱ्या घरात एक रॅपर असतो. मग त्याचं 'स्टेप ड्रॅग' हे गाणं आलं आणि देशाला वेड लागलं. "उजवा टाक, डावा ओढ, देवाच्या घरी घाई सोड!" फुटबॉलमध्ये टचडाउन केलेले खेळाडू मैदानात डावा पाय ओढू लागले. सकाळी हवामान सांगणारी बाई नकाशासमोर पाय ओढून दाखवू लागली. नवरानवरी ओढू लागली, महापौर मतं मागताना ओढू लागले. लिंडेलच्या गुडघ्याला शेक देणारी दवाखान्यातली मुलगीसुद्धा तेच गुणगुणत होती. तिला बिचारीला काय कल्पना!

लिंडेलचा डावा पाय तेहतीस वर्षांपूर्वी कचऱ्याच्या गाडीखाली सापडला होता. तेव्हापासून तो शरीरामागून घासत येतो. आणि "देवाच्या घरी घाई नाही" हे तर त्याचंच वाक्य, लहान अशरांना शिकवताना शंभरदा उच्चारलेलं. मग चेष्टा कुणाची, हे वेगळं विचारायला नको. दुकानात पोरं त्याला बघून "अस्सल माल आला रे!" म्हणून ओरडत. हा माणूस कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला; त्याच्या वाट्याला हे यावं याचं आम्हा सगळ्यांनाच वाईट वाटे. तरी गाणं लागलं की पाय आमचेही थांबत नसत, हेही सांगितलं पाहिजे.

"तुमच्या लेकानं माझं लंगडेपण गावोगाव नाचवलं," लिंडेल म्हणाला.

"तो शपथेवर सांगतो, की..."

"त्याची शपथ त्याच्यापाशी राहू दे. आज एक जरी पोर फिसकन हसलं ना, तर या चर्चची पायरी मी पुन्हा चढणार नाही. बायकोला सकाळीच सांगून आलोय तसं."

"आणि मी पुढे झाले तर? लोक म्हणतील, लेकानं पाय नेला, आईनं जागा नेली."

"लोकांच्या तोंडाला कुणी हात लावायचा?"

ऑर्गनचा सूर बदलला. दारं उघडली. लिंडेल बाजूला सरकून भिंतीला टेकला. आता थांबून चालणार नव्हतं. मंडळाचा नियम त्यानेच सगळ्यांकडून घोटून घेतला होता: पुढच्याचं पाऊल तेच मागच्यांचं पाऊल, आणि पुढच्याने वळून बघायचं नाही. ऑर्थेलाने एकदा त्याच्याकडे रागाने पाहिलं, अशरांच्या रीतीप्रमाणे डावा हात पाठीमागे नेला आणि आत शिरली.

तिने उजवा पाय टाकला. मग डावा, किंचित उशिराने, फरशीवर घासत ओढून आणला.

लिंडेलची कानशिलं तापली. इथेही? देवासमोर, त्याच्या डोळ्यांदेखत? त्याने तिला हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिच्यामागचा ब्रदर गेला. त्यानेही डावा ओढला. तिसऱ्याने ओढला. चौथीने ओढला. एकाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. प्रार्थनेच्या वेळी असतात तसे सगळे गंभीर होते.

दाराजवळच्या शेवटच्या बाकावर मदर पिंकस्टन बसल्या होत्या. वय एक्याण्णव, एकेकाळी त्याच ओळीत चालायच्या. त्यांनी उघड्या दारातून हात लांबवून त्याची बाही धरली.

"तू इथं कसा रे?"

"मदर, बघताय ना काय चाललंय ते?"

"बघते तर. तो तिसरा घाई करतोय. ओढ कमी पडतेय त्याची."

"पण पाय का ओढतायत सगळे?"

मदर पिंकस्टननी त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं.

"तू ओढतोस म्हणून. तू पहिल्यांदा पुढे झालास, त्या साली मागची सगळी ओळ मोडली. तुझं एक पाऊल व्हायचं तोवर आमची दीड. मग मी सगळ्यांना खाली तळघरात उभं केलं आणि सांगितलं, डावा ओढा. नंतरच्या पोरांना वाटलं, असंच असतं. मीही सांगायला गेले नाही."

सातवा गेला. आठवी गेली.

"ट्रेव्हियनला कुणी शिकवलं?" लिंडेलने विचारलं.

"मीच शिकवलं. सहा वर्षांचा होता. जमेना म्हणून रडला होता मेला. एकदा तुला बाजारात बघून आला आणि मला म्हणतो, मदर, ब्रदर टिस्डेल रस्त्यावरसुद्धा अशरसारखंच चालतात!" त्या हसल्या, मग थांबल्या. "तुला ठाऊक नव्हतं होय?"

"मी पुढे असायचो," लिंडेल म्हणाला.

त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. आत फोन तसेच वर होते. कुणी हसत नव्हतं. दोन-चार बाकांवरची पोरं खालच्या खाली पायाने ताल धरून होती.

बारावा गेला. तेरावी गेली.

"जा की आता," मदर पिंकस्टननी त्याची बाही सोडली. "उशिरा येणाऱ्याला मला थांबवता यायचं नाही."

चौदावा उंबरठा ओलांडून गेला, आणि त्याच्यामागे लिंडेल आत शिरला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा ओळीत त्याच्यापुढे कुणीतरी चालत होतं. त्याला वाटलं होतं, ओळ गाठायला भरभर जावं लागेल. लागलं नाही. समोरच्या पाठीवर नजर ठेवून त्याने उजवा टाकला, डावा ओढला. ओळ मोडली नाही.